चाखून ठेवलेलं घर

वरंध, ता. महाड
६ एप्रिल

सारू,

बारा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. आपल्या मामाची रेश्मा महाडहून मुद्दाम चिठ्ठी घेऊन आली. म्हणाली, "राजूताई, सारिका फोनवर बोलणार नाही म्हणते. उत्तर कागदावरच दे." चिठ्ठी हातात घेतली आणि आधी पदरानं घाम पुसला. चार ओळींची चिठ्ठी, पण मी ती तीनदा वाचली. दिशाची बारावीची परीक्षा झाली. मे महिन्यात तिच्या अन्ननलिकेचं मोठं ऑपरेशन आहे. त्याआधी तिला आजीचं घर बघायचंय, हट्टच धरून बसलीय. बारा तारखेला येणार आणि चार दिवस राहणार. आणि खाली रेघ मारून तू लिहिलंयस, 'घरात फिनेल, ॲसिड, कसलीही बाटली असता कामा नये. आईची शपथ नको. दिशाची शपथ घेऊन लिहून दे.'

दिशाची शपथ घेऊन लिहिते. माझ्या घरात बाटली ही वस्तूच नाही. तेल किटलीत आहे, सरबताचं कोकमाचं आगळ चिनी मातीच्या बरणीत आहे, पाणी तांब्याच्या कळशीत आहे. फिनेल मी त्या गणपतीपासून आणलेलं नाही. लादी लिंबाची सालं आणि मीठ उकळलेल्या पाण्यानं पुसते, पावसाळ्यात त्यात कडुलिंबाचा पाला घालते. मोरीला खायचा सोडा आणि वर लिंबू. भांड्यांना चुलीतली राख, तांब्याला कोकमाची सालं, पितळेला चिंच. खिडकीच्या काचांना बरणीतलं व्हिनेगर आणि जुना पेपर. कपड्यांना रिठा, तोही डब्यात, डबा माळ्यावर आणि डब्यावर मोठ्या अक्षरात 'रिठा, खायचा नाही'.

आणि एक सवय लागलीय, ती तुला सांगते. हसायचं तर हस. साफसफाईचं जे काही घरात येतं ते मी आधी बोटावर घेऊन जिभेला लावते. जिभेला चालेल तेच घरात ठेवायचं. रिठा चाखला तेव्हा दोन तास थुंकत होते, पण चाखला. अंगण तेवढं शेणानं सारवते, ते चाखलेलं नाही. तुझे भावजी म्हणतात, "अगो, ही बाई एक दिवस केरसुणी पण चघळंल."

शेजारच्या ठकूबाई मला वेडी म्हणतात. म्हणू देत. तिला पाठव सारू. मला फार भीती वाटतेय, पण पाठव. आईकडून जे झालं ते झालं, ती गेली त्यालाही तीन वर्षं झाली. आता या घरात तसं काही होणार नाही.

तुझी
राजूताई

९ एप्रिल

सारू,

पहिलं पत्र रेश्माबरोबर गेलं. हे पाठवेन की नाही, माहीत नाही.

तीन दिवस घर घासतेय. माळा झाला, देव झाले. आईची खोली झाली. खाटेखालची फरशी घासताना तिची काठी हाताला लागली, ती तशीच ठेवली. दिशाला आजीचं काहीतरी दिसायला हवं. भिंतीवर तेलाचे हात उमटलेले होते, त्यावर बेसन चोळलं. काम चाललं की भीती जरा मागे राहते. म्हणून काम संपूच नये असं वाटतं.

आज सकाळी भाताच्या कणगीमागचा कोपरा झाडायला गेले. तिथं निळा कॅन.

तुला कळलं असेल. पाच लिटरचा, कंपनीतला. आपल्याकडे एमआयडीसीत जाणारा प्रत्येक माणूस तो कधी ना कधी घरी आणतो. फरशी धुवायचं उरलेलं औषध, लालसर, 'कंपनीचं पाणी' म्हणतात. फुकट मिळतं आणि डाग असे निघतात की बघत राहावं. आळीत सगळ्यांच्या मोऱ्या त्यावर चकचकतात. माझीच काय ती लिंबाची मोरी, पिवळी.

कॅन उचलला तर हलका लागला. अर्धा रिकामा होता.

तिथंच कणगीला टेकून बसले. उरलेलं अर्धं कुठं गेलं? मी उठून मोरीत गेले, स्वयंपाकघरात गेले, प्रत्येक तांब्या पालथा केला, प्रत्येक बरणी उघडून वास घेतला. त्या औषधाला वासही धड नसतो गो. हे कामावर होते. फोन लावला तर घाटात रेंज नाही. दुपारी दोनला आले ते हसतच.

"अगो, तुझ्या लिंबानं डाग जात नाय. पोरगी शहरातली, मोरी बघून नाक मुरडंल. म्हणून आणला. म्हटलं तू सव गावाला पाहुण्यांकडं गेलीस की गुपचूप घासतो."

"अर्धं कुठंय?"

"कसलं अर्धं?"

"अहो, कॅन अर्धा आहे. उरलेलं कुठंय?"

तेव्हा त्यांचं हसू गेलं. म्हणाले, ठकूबाईला दोन बाटल्या भरून दिल्या, परवा. बाटल्या तिच्याच होत्या. कसल्या बाटल्या, मी विचारलं. ते चपला घालून सरळ तिच्या दारात गेले. तर घराला कुलूप. ठकूबाई लेकीकडे पोलादपूरला गेलीय, उद्या संध्याकाळी येणार.

कॅन त्यांच्या डोक्यावर देऊन कंपनीत परत पाठवला. खूप बोलले त्यांना. बोलायचं नव्हतं तेही बोलले. पण सारू, त्यांना बोलताना मला ठाऊक होतं की मी कुणाला बोलतेय.

मागच्या पत्रात मी लिहिलं, आईकडून झालं. तसं नाही. त्या वर्षी गणपतीच्या आधी मोरी घासायला त्या कॅनमधलं औषध बाटलीत मी ओतलं होतं. आगळाची रिकामी बाटली, धुऊन वाळत ठेवलेली. आईनं नाही. मी भरली.

एवढंच आज लिहू शकते.

११ एप्रिल

सारू,

आज बोलता येत नाहीय, म्हणून लिहिणं सोपं जातंय.

काल संध्याकाळी ठकूबाई आली. मी तिच्या ओटीवर दुपारपासूनच बसले होते. दार उघडायच्या आत विचारलं, कंपनीच्या पाण्याच्या बाटल्या कुठं ठेवल्यात. म्हणाली, "एक मोरीत हाय. दुसरी... थांब गो, आत तर येशील." मोरीतली मिळाली. दुसरी काही केल्या आठवेना. सत्तरीची बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू. मग फडताळ उघडून म्हणाली, "तुझ्या भाचीसाठी नवीन आगळ काढून ठेवलाय बघ. दोन बाटल्या. उद्या देणारच होतो."

फडताळात आठ बाटल्या होत्या. सगळ्या लाल. सगळ्यांची तोंडं चिंधीनं बांधलेली, अगदी आई बांधायची तशी.

मी विचारलं, यातली एक कंपनीची आहे का. ती म्हणाली, "छे गो! सगळा आगळच हाय. आठ भरल्या मी." मग बोटं मोडत थांबली. "का सात भरल्या?"

मी वास घेतला. आठही बाटल्यांना मला एकच वास येत होता. कदाचित भीतीनं नाकच बंद झालं असेल. ठकूबाई म्हणत होती, ओतून टाक सगळ्या, त्यात काय. तेच करायला हवं होतं. पण मला ती सापडायला हवी होती. ओतून दिल्यावर ती त्यांच्यातच होती की दुसरीकडेच कुठं, हे मला कसं कळणार? परवा पोरगी येणार आणि मी चार दिवस घराघरात बाटल्या शोधत फिरणार?

म्हणून चाखल्या. बारा वर्षांची सवय. बोट बुडवायचं, जिभेच्या शेंड्याला लावायचं, थुंकायचं. पहिली खारट, आंबट. दुसरी तशीच. तिसरी, चौथी, पाचवीही. सहावीला जीभ पेटली.

आरडले मी. ठकूबाईनं कळशी तोंडाला लावली, मी कितीतरी वेळ नुसती चूळ भरत होते. एका बोटाचा एक थेंब, सारू. जिभेचा शेंडा पांढरा पडलाय. पाणी पिताना डोळ्यांत पाणी येतं. हे आरोग्य केंद्रात घेऊन गेले, डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, थोडक्यात वाचलात.

माझा एक थेंब होता. दिशाचा अख्खा घोट होता. पाच वर्षांची होती ती.

आता उरलेलं लिहिते. अजून एक उरलंय, आणि तेच खरं आहे.

त्या दिवशी तू एसटीनं दमून आली होतीस, अंघोळीला गेलीस. आई मागल्या दारी नारळ सोलत होती. दिशा माझ्या पदराला धरून 'मावशी तहान, मावशी तहान' करत होती. मोरी घासता घासता तुम्ही आलात म्हणून मी ती बाटली ओट्यावर तशीच ठेवलेली, आगळाच्या बाटलीशेजारी. मी पेला घेतला, साखर घातली, बाटली उचलली, ओतलं, ढवळलं. आणि तिच्या हातात दिलं. म्हटलं, "घे माझे राणी, एका दमात पी."

मी दिलं, सारू. आईनं नाही. भरली मी आणि दिलंही मीच.

ती किंचाळली तशी तू ओल्या अंगानं धावत आलीस आणि ओरडलीस, "कुणी दिलं? कुणी दिलं हे?" मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण मागच्या दारातून आई आली, हातात कोयता तसाच, आणि म्हणाली, "मी दिला. माझ्या हातून झाला. मला दिसला नाय."

मी तोंड मिटलं.

नंतर दवाखान्यात पोलीस विचारायला आले तेव्हाही तिनं तेच सांगितलं. घरी मला एकदाच म्हणाली, "तू बोलायचा नाय. जावयाची नोकरी जाईल, तुझा घर जाईल. मी म्हातारी, मला कोण काय करतंय?" तू म्हणालीस, त्या बाईला घरात ठेवलंस तर तुझा माझा संबंध संपला. मी तिला ठेवलं. आळीत लोक म्हणाले, राजश्रीचं मन मोठं, आईसाठी बहीण सोडली. मी ते ऐकून घेत राहिले.

आणि शेवटच्या दिवसांत ती दर तासाला विचारायची, "सारू आली काय गो?" मी तुला फोन करून एक वाक्य बोलले असते तर तू आली असतीस. मला ठाऊक होतं. फोन हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. मग ती विचारायची बंद झाली.

उद्या दिशा येणार. मी कशी तोंड दाखवू?

१३ एप्रिल

सारू,

काल रेश्मा तिला एसटीनं घेऊन आली. फाट्यावर उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही. तुझी उंची, आईची हनुवटी. आवाज बारीक, गळ्यातून चाळून आल्यासारखा. पाया पडायला वाकली, तशी मी मागे सरले.

भावजी म्हणाले, "मावशीची जीभ भाजलीय चहानं, बोलता येत नाय." ती म्हणाली, "मावशी, आ कर." मी नको नको म्हटलं. "आ कर ना." केला. टॉर्च लावून बघितलं तिनं आणि म्हणाली, "हे चहानं होत नाही."

मग तिनं माझ्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. तांदळाची पेज केली, गाळली, गार केली. माझ्यासमोर मांडी घालून बसली. "छोटा घोट घे. मान जरा खाली. आता थांब. आता गिळ." मी गिळलं. "टेन्शन नको घेऊस गं, पहिले दोन दिवसच असं वाटतं." सारू, ती मला गिळायला शिकवत होती. मला! मी रडले, तर म्हणते कशी, "रडताना गिळू नकोस, ठसका लागतो."

दिवसभर घर बघत फिरली. आजीची काठी घेऊन अंगणात चालली. लिंबाच्या पाण्यानं माझ्याबरोबर ओसरी पुसली. डब्यांवरची नावं वाचून हसली, "मावशी, मिठावर पण मीठ लिहिलंयस!" मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

आज दुपारी ऊन फार होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, आगळाचं सरबत करून दे. तुझ्याच हातचं."

मी मानेनं नाही म्हटलं. पाण्याकडे बोट दाखवलं, ताकाकडे दाखवलं. ती तिथंच उभी. "सरबतच हवंय."

बरणी काढली. माझ्या स्वतःच्या हातची बरणी, मागच्या वैशाखात मीच भरलेली, मीच झाकलेली. तरी माझा विश्वास बसेना. चमचाभर आगळ त्या भाजलेल्या जिभेवर घेतलं. मीठ आणि आंबट. ब्रह्मांड आठवलं. पण ते आगळच होतं. मग पाण्यात घातलं, साखर घातली, ढवळलं, ते पुन्हा चाखलं. पेला तिच्यापुढे धरला तेव्हा निम्मं ओट्यावर सांडलं.

तिनं पेला घेतला नाही. माझं मनगट धरलं. आणि बांगड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "त्या दिवशी हिरव्या होत्या."

"मला तोंड आठवत नाही, मावशी. फक्त हात आठवतो. हिरव्या बांगड्या, नवीन. एकमेकींवर वाजत होत्या. आई नेहमी सांगते, आजीनं दिलं. मी मोठी झाल्यावर आजीचे फोटो बघितले. आजीच्या हातात कुठल्याच फोटोत बांगड्या नाहीत."

गौरीसाठी पोलादपूरच्या बाजारात भरल्या होत्या मी त्या. डझनभर. आईचे हात बाबा गेल्यापासून रिकामे होते, हे तुला आणि मला दोघींना ठाऊक होतं. एवढंसं पोर ते लक्षात ठेवून बसलं होतं, आणि आपण दोघी नाही.

मी पेन्सिल घेतली आणि पेपरच्या कोपऱ्यावर लिहिलं, 'आईला सांगितलंस?'

"नाही. मी सांगितलं तर ती तक्रार होईल. तू सांग." मग म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी मला तो हात बघायचा होता. म्हणून आले."

मग तिनं पेला घेतला. छोटे छोटे घोट, मान जरा खाली. अर्धा तास लागला तिला. मी समोर उभी राहिले. ती पूर्ण पिऊन होईपर्यंत तिथून हलले नाही.

१६ एप्रिल, सकाळ

सारू,

दहाच्या गाडीनं रेश्मा तिला महाडला नेणार आणि तिथून तुझ्याकडे. थोडं बोलता येतंय आता, तोतरं.

ठकूबाईनं सगळी मोरी लिंबानं घासलीय. "माझ्याही डब्यांवर नावं घाल," म्हणाली. वाचता येत नाही तिला, पण घालते. भावजींनी कंपनीचं पाणी आणणाऱ्या चौघांना बोलावलं, मला जीभ दाखवायला लावली. मी दाखवली. लाज वाटली नाही.

सारू, मी माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल आणि तेवढंही ओझं मी तुझ्यावर टाकायला नको. फक्त आईला माफ कर. तिनं काही केलं नव्हतं. तिच्या श्राद्धाला ये, नाहीतर येऊ नकोस, पण तिच्यावरचा राग काढून माझ्यावर ठेव. तो माझाच आहे. पोलिसांना सांगायचं ठरवलंस तर मी नाकारणार नाही, हे भावजींनाही सांगितलंय.

रात्रभर ही पत्रं फाडावीशी वाटत होती. आत्ताही वाटतंय. ऑपरेशनच्या दिवशी मी इथं देवापुढे बसेन, तू कळव किंवा कळवू नकोस.

दिशा बॅग भरून ओसरीवर उभी आहे. हा कागद सोडून सगळी पत्रं घडी करून पाकिटात घातली. तिनं हात पुढे केला, पण मी लगेच दिलं नाही. आधी माझ्या तोतऱ्या जिभेनं सांगितलं, "यात काय आहे ते ऐक. तो पेला मी दिला होता, ते लिहिलंय. तुझ्या आईला फार जाळेल. विचार करून घे." ती म्हणाली, "माहीत आहे, मावशी. दे."

आता हाही कागद आत घालून पाकीट तिच्या हातात देते.

राजूताई